उशीर टीव्हीचा होता, आत्याबाई

आत्याबाई, तुम्ही गेल्याची पेपरातली बातमी विलासनी दिली. फोटो तुमच्या लेकीच्या, रेखाताईंच्या घरच्या वास्तुशांतीतला आहे, जरीची साडी आणि कपाळाला आठ्या. जन्म, माहेर, सासर, नातवंडं सगळं त्यात आलं. तुम्ही धार्मिक आणि प्रेमळ होता असंही आलं. प्रेमळ ठीक आहे. धार्मिक म्हणजे नवरात्रात एकदा करमाळ्याला कमलाभवानीला जायचात आणि रोज संध्याकाळी दिवा लावायचात, तोही टीव्हीवर गेम रंगात आला असेल तर मला लावायला सांगायचात. हे बातमीत बसणारं नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

तुमच्यासमोर मी विलासना कधी नावानं हाक मारली नाही. इथं नाव घेते आहे. नवऱ्याला 'हे' आणि 'ते' म्हणत बसले तर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही.

लग्न होऊन जेऊरच्या घरात आले तेव्हा माहेरच्यांनी मला सासूबद्दल बरंच शिकवून पाठवलं होतं. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. पहिल्याच आठवड्यात दुपारी चहा घेऊन आले, तर तुम्ही टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या, पदर कमरेला खोचलेला, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट. तो गेम विलासनी सोलापुरातून रेखाताईंसाठी आणला होता. त्यांचा उत्साह लगेच संपला आणि तुम्ही तो घेतलात तो घेतलातच. पडद्यावर छोटे छोटे रणगाडे पळत होते आणि खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक पाखरू होतं. त्याला वाचवायचं, एवढाच तो गेम. मी म्हटलं, आत्याबाई, चहा.

"ठेव तितं. ह्ये पाखरू मरंल की," तुम्ही म्हणालात. मान वळवली नाही.

चहा गार झाला. पाखरू जगलं. मी माहेरी फोनवर सांगितलं की माझी सासू रणगाडे चालवते, तर आईनं एवढंच विचारलं, बाकी घर कसं आहे.

एकदा तुम्ही दुसरा रिमोट माझ्या हातात दिलात. माझा रणगाडा भलतीकडेच वळला आणि माझ्याच गोळीनं आपलं पाखरू मेलं. तुम्ही रिमोट काढून घेतलात आणि म्हणालात, तू आपली शिलाई कर. मी ती केली. आज शाळांचे युनिफॉर्म शिवायचा माझा कारखाना आहे आणि गेम मला अजून येत नाही. पण तुमचा हात मी वर्षानुवर्षं बघितला. कॅसेट चालली नाही की चुलीत फुंकावं तसं तिच्यात फुंकायचात, परत बसवायचात आणि पहिल्या डावापासून सुरू. घाई नाही, आरडाओरडा नाही. शिलाईच्या मशिनवर बसणाऱ्या चांगल्या बाईचा हात असाच असतो.

पुढं त्या गेमची वायर उंदरांनी खाल्ली. मामंजी गेले. आम्ही सोलापुरात, रेखाताई पुण्यात, तुम्ही जेऊरला. शेत वाट्यानं दिलेलं, घराच्या मागं बोअर, शेजारी कांताबाई. गेमचा विषय निघाला नाही, म्हणून आम्हाला वाटलं तुम्ही विसरलात.

गेल्या वर्षी तुम्हाला डेंग्यू झाला आणि विलास तुम्हाला सोलापूरला घेऊन आले. ताप गेला, ताकद आली, तरी परत जायचा विषय कुणी काढेना. तुम्ही काढलात तर विलास म्हणायचे, बघू, ऊन उतरू दे. ऊन उतरलं, पाऊस झाला. तुम्ही बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीचे मजले मोजायचात. मग एक दिवस मला म्हणालात, सुनीता, ती पाखराची कॅसेट मिळंल का गं कुटं?

ही माझी खरेदी होती, त्यामुळं मी ती खरेदीसारखीच केली. चौकशी केली तर तीन रस्ते निघाले. एक, बोटाएवढी काडी, ती थेट टीव्हीच्या मागच्या बाजूला लावायची, हजारो जुने गेम आत भरलेले, सोबत बिनवायरचे दोन रिमोट. दुसरा, छोटा कॉम्प्युटर घ्यायचा आणि त्यात सगळं आपण भरायचं. तिसरा, जुन्या मशिनचीच नवी नक्कल, कॅसेट आणि पिवळी-पांढरी पिन असलेली. दुसऱ्याला वेळ नव्हता. तिसऱ्याचा कचरा दिसला, वायरीच वायरी. मी काडी घेतली. स्वच्छ काम, भिंतीवरचा मोठा टीव्ही, सोफ्यावर बसून खेळायचं. मला ती खरेदी अक्कलहुशारीची वाटली होती.

पहिल्याच दिवशी तुम्ही हरलात. दुसऱ्या दिवशीही. पहिला डाव, जो तुम्ही पूर्वी माझ्याशी बोलत बोलत संपवायचात, तोच पार होईना. रणगाडा वळायला हवा तिथं न वळता पुढं जाऊन भिंतीला धडकायचा. तुम्ही म्हणालात, मी दाबते तवा ह्यो मारत न्हाय, मागनं मारतोय. विलास हसले आणि म्हणाले, आई, वय झालं आता. त्यांनी स्वतः खेळून बघितलं. तेही हरले. ते म्हणाले, सवय गेली. ते हरले तर सवय आणि तुम्ही हरलात तर वय, हे मला तेव्हाच खटकलं होतं, पण कारखान्यात एका शाळेच्या राहिलेल्या ऑर्डरची गर्दी होती आणि मी ते तिथंच सोडलं.

मग ते खेळणं राहिलं नाही. रविवारी रेखाताई पुण्याहून व्हिडिओ कॉल करायच्या आणि विलास फोन तुमच्याकडं आणि टीव्हीकडं धरायचे. तुम्ही हरायचात आणि ते दोघं एकमेकांकडं बघायचे. स्वयंपाकघरात येऊन विलास मला म्हणायचे, बघितलंस ना? बटण दाबायला हिला एवढा वेळ लागतो. तिथं एकटीनं गॅस, बोअरचा स्टार्टर, रेल्वेचं फाटक. कसं पाठवायचं? दोघांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना भीती होती आणि भीतीला पुरावा लागतो, तो त्यांना घरबसल्या मिळाला होता. जेऊरचं घर भाड्यानं द्यायचं बोलणंही सुरू झालं. तुम्ही आतल्या खोलीत होता. ऐकू येत होतं.

तुम्ही गेम बंद केलात. तेवढंच असतं तर ठीक. पण तुम्ही चहा ओतायचं बंद केलंत, पातेलं माझ्यापुढं सरकवायला लागलात. सुईत दोरा ओवायला माझ्याकडं द्यायला लागलात. जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरायला लागलात, आणि डेंग्यूतून उठल्यावरसुद्धा तुम्ही तसं केलं नव्हतं. एक दिवस भाजी निवडताना मला विचारलंत.

"माझंच हात गेलं असतील. खरं सांग सुनीता, तू खोटं बोलत न्हाईस."

मी म्हटलं, मला माहीत नाही, बघून सांगते.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे, तुम्हाला ती तेव्हा सांगितली नव्हती. एखाद्या बाईच्या हातून टाके सुटायला लागले तर तिला बोलायचं नाही. आधी तिला तासभर दुसऱ्या मशिनवर बसवायचं. बाई तीच, कापड तेच, दोरा तोच, फक्त मशिन दुसरं. टाके तिथंही सुटले तर बाईशी बोलू. बहुतेक वेळा बोलावं लागत नाही. हे मी कुणाच्या चांगुलपणासाठी करत नाही. चुकीच्या बाईला बोललं की बाई जाते आणि बिघडलेलं मशिन तसंच राहतं.

तर तुम्हाला मी तसंच बसवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी रिमोट. बिनवायरचा काढून वायरचा लावला. तुम्ही खेळून म्हणालात, वाईच बरं हाय. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथं गेम मोड नावाचं एक बटण निघालं, बंद ठेवलेलं. नवा टीव्ही चित्र दाखवायच्या आधी ते घासूनपुसून चकचकीत करत बसतो. सिनेमा बघताना ते कळत नाही, कारण सिनेमा आपल्या बोटाची वाट बघत नाही. गेम बघतो. ते बटण चालू केलं की टीव्ही नटणं कमी करतो. तुम्ही खेळलात आणि म्हणालात, आता निम्मं आलं.

निम्मं म्हणजे विलासच्या दृष्टीनं काहीच नाही. त्यांचं म्हणणं, सरावानं थोडी सुधारणा होणारच.

इथं माझा अंदाज चुकला. मला वाटलं, जुन्याची नक्कल आणली की झालं. ती आणली, पिवळी-पांढरी पिन मोठ्या टीव्हीला लावली, तर तुमचा रणगाडा काडीपेक्षाही उशिरा हलायला लागला. तुम्ही रिमोट खाली ठेवलात. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. मला कळायला वेळ लागला की त्या पिनेतून येणारं जुन्या पद्धतीचं चित्र नव्या टीव्हीला तसंच्या तसं दाखवता येत नाही. तो ते आधी आपल्या भाषेत करून घेतो, मग दाखवतो. गेम मोडसुद्धा त्या पिनेवर चालत नव्हता. अर्धं काम करून मी तुम्हाला अजून खाली ढकललं होतं. मशिन बदललं म्हणजे टीव्हीही बदलायला हवा होता, जुना, मागं मोठी ढेरी असलेला. त्याला चित्र घासायला वेळ नसतो. आलं की दाखवतो.

सगळ्यांनी आपापले भंगारात दिले होते. आपणही. कारखान्यात विचारलं तर पद्मा म्हणाली, आमच्याकडं आहे, पण त्याच्यावर देव बसलेत. तिच्या घरी टीव्ही बंद पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं, नवा आला म्हणून त्या जुन्याचा देव्हारा झाला होता. मी म्हटलं, राहू दे मग. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही टीव्ही न्या. देव मी फ्रिजवर बसवते, त्यांना गारवा मिळंल."

रविवारी कारखाना बंद असतो. टीव्ही टेम्पोतून आणून कटिंगच्या टेबलावर ठेवला. विलासना मी मुद्दाम बोलावलं. त्यांनी यायच्या आधीच सांगितलं की याचा काही उपयोग नाही. तुम्ही शिलाईच्या स्टुलावर बसलात, पदर खोचलात. पडद्यावर मुंग्या आल्या, मग चित्र आलं. मशिन तेच, जे घरी सगळ्यात उशिरा चाललं होतं. रिमोट तोच. कॅसेट तीच.

पहिला डाव पार झाला. मी तुमच्या हाताकडं बघत होते, विलास पडद्याकडं. दुसऱ्या डावात तुम्ही एका कोपऱ्यात दबा धरून बसलात, समोरचा रणगाडा विटांच्या आडून निघायच्या क्षणी गोळी सोडलीत आणि तो फुटला. तिसरा, चौथा. पुढं मी मोजलं नाही. विलास उभे होते ते कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. पाखरू शेवटी मेलं, तुमच्याच एका चुकीनं, आणि ती चूक तुमची होती म्हणून तुम्ही खूश झालात. तुम्ही रिमोट टेबलावर ठेवलात, पदर सोडलात आणि विलासना विचारलंत.

"आता जेऊरची गाडी कधी हाय?"

आता मी तेव्हा न बोललेलं लिहिते. त्या चाचणीनं तुम्ही एकट्या राहू शकता हे सिद्ध झालं नव्हतं. मला ते तिथंच माहीत होतं. रणगाडा चालवणं वेगळं आणि पहाटे ओल्या फरशीवर चालणं वेगळं. सिद्ध एवढंच झालं होतं की आम्ही ज्याला पुरावा म्हणत होतो तो पुरावा नव्हता. पण तो काढून घेतल्यावर विलासकडं दुसरा काही उरला नाही, भीती सोडून. आणि नुसत्या भीतीपोटी कुणी तुम्हाला घरात ठेवून घ्यावं, अशातल्या तुम्ही नव्हता. मी तुमच्या बाजूनं बोलले. रेखाताई फोनवर मला म्हणाल्या, वहिनी, तुमची सासू आहे म्हणून सोपं आहे. मी म्हटलं, असेल.

जेऊरला काय न्यायचं यावर आपलं भांडण झालं, आणि ते संपलंच नाही. माझं म्हणणं, एवढा जड टीव्ही, उद्या बिघडला तर दुरुस्त करणारा नाही, गावातलं व्होल्टेज तुम्हाला माहीत आहे. छोटा नवा टीव्ही न्या, काडी, वायरचा रिमोट, गेम मोड चालू करून देते. निम्म्याहून जास्त येतं, पुरतं. तुम्ही म्हणालात, निम्मं तुला पुरत आसंल. तुम्ही पद्माचा टीव्ही नेलात. पद्मानं पैसे घेतले नाहीत, तुम्ही तिला शेतातली ज्वारी पाठवलीत आणि वर निरोप, देवास्नी फ्रिजवरनं उतरव, पडसं हुईल.

पुढं दर रविवारी फोन. आधी तब्येत, मग कांताबाईची सून, मग टीव्ही. मी वाचलेलं नवं काहीतरी सांगायचे. जुनी पिन नव्या टीव्हीला उशीर न करता जोडणारी पेटी निघाली आहे वगैरे. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, आन मग, बघू. मी म्हणायचे, टीव्ही एक दिवस जाणारच आहे. तुम्ही म्हणायचात, जाऊ दे की, आज चालतोय. मला तुमचं हे उत्तर अजिबात पटत नाही. आजही नाही. बिघडायच्या आधी पर्याय हाताशी असावा, एवढं साधं आहे. पण पटवून द्यायला आता कुणी नाही, त्यामुळं वाद तुमच्या बाजूनं सुटला असं धरायला माझी हरकत नाही.

तुम्ही चहा स्वतः ओतायला लागलात हे मला कांताबाईनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. ती सहज म्हणाली की म्हातारी दुपारी चहा करून माझ्याकडंच कप घेऊन येते, काठोकाठ भरलेला, एक थेंब सांडत नाही.

तुम्ही गेलात ती दुपार कशी होती ते मला माहीत नाही आणि मी कुणाला खोदून विचारलं नाही. कांताबाईला तुम्ही ओसरीत दिसलात. डॉक्टर म्हणाले, हृदय, क्षणात झालं, सोलापुरात असत्या तरी काही करता आलं नसतं. घरातले सगळे ते वाक्य एकमेकांना सांगत होते. मी कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टर उलट बोलले असते तर मी काय केलं असतं, याचा विचार मी नीट करून ठेवला आहे. तरी मी तो टीव्ही टेम्पोत घातलाच असता.

तेराव्याला पंगत उठल्यावर, मागच्या अंगणात भांडी निथळत होती तिथं, रेखाताई माझ्याजवळ आल्या. डोळे सुजलेले. आवाज चढवला नाही.

"वहिनी, तो टीव्ही तुम्ही आणला नसता तर आई आज आपल्यात असती."

विलास ओसरीत होते. त्यांना ऐकू गेलं असावं. ते मागं आले नाहीत आणि मध्येही पडले नाहीत, आणि त्यांनी तसं केलं याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ते माझी बाजू घेऊन बोलले असते तर गोष्ट नवरा-बायको विरुद्ध बहीण अशी झाली असती. मी रेखाताईंना तिथं उत्तर दिलं नाही. ती जागा नव्हती. भांडी पुसून आत ठेवली.

आम्ही सोलापूरला आलो, कारखाना सुरू झाला. परवा दुपारी मी रेखाताईंना फोन केला. सांत्वनाला नाही. प्रश्न विचारला गेला होता, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी सांगितलं, तुम्ही म्हणालात ते बरोबर असू शकतं. टीव्ही आणला नसता तर त्या कदाचित इथं बाल्कनीत बसलेल्या असत्या. पण आपले हात गेले असं समजून बसलेल्या असत्या. आपण तिघांनी त्यांना तसं समजायला लावलं होतं आणि ते खोटं होतं. त्या जेऊरला गेल्या तेव्हा हात शाबूत असलेली बाई म्हणून गेल्या. मला यातलं दुसरं जास्त मोठं वाटतं. तुम्हाला पहिलं वाटत असेल तर मी तुम्हाला चूक म्हणणार नाही.

पलीकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग रेखाताई म्हणाल्या, "वहिनी, मला अजून थोडे दिवस तुमचा राग येणार आहे."

"येऊ दे," मी म्हटलं.

तुम्ही असता तर याहून वेगळं काही म्हणाला असता का, मला माहीत नाही. एरवी अशा वेळी मी रविवारची वाट बघून तुम्हालाच विचारलं असतं.